हिब्रूला भांडणारा लागतो

"मॅडम, तुम्ही हिब्रू शिकवता म्हणजे नेमकं करता काय?" हा प्रश्न मला वर्ध्यात बँकेत विचारला गेला आहे, पिठाच्या गिरणीवर विचारला गेला आहे, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना विचारला गेला आहे आणि एकदा तर मयतीलाही. या अंकाच्या संपादकांनी तोच प्रश्न जरा सभ्य शब्दांत विचारला, तेव्हा म्हटलं, एकदाचं सविस्तर उत्तर देऊन टाकू. आता मी निवृत्त आहे, वेळ आहे, आणि काही छापायला वरच्याची परवानगी लागत नाही.

मी देवळीची. घरी कापूस, सोयाबीन, थोडी तूर. अशा घरातली मुलगी हिब्रूकडे कशी वळली ती गोष्ट लांबलचक आहे आणि तिच्यात माझं शहाणपण फारसं नाही, म्हणून ती सांगत नाही. एवढं सांगते की पुढे मी आपल्याच जिल्ह्यात परतले. इथल्या विद्यापीठात परदेशी भाषांचा लहानसा विभाग होता, त्यात कोपऱ्यातल्या एका खोलीत हिब्रू होती, आणि हिब्रू म्हणजे मी होते. कपाटाची किल्लीही माझ्याकडे आणि झाडूही.

गावात एकच माणूस एखादी विद्या जाणत असला की त्याच्याकडे कोण कोण येईल याचा नेम नसतो. आर्वीकडच्या एका संत्रा बागायतदाराने ठिबक सिंचनाचं परदेशी यंत्र आणलं होतं. त्याच्या पडद्यावर एका सकाळी अचानक हिब्रू अक्षरं आली आणि जाता जाईनात. ऐन उन्हाळा, झाडांवर आंबिया बहाराची फळं, आणि पाणी बंद. तो माणूस मला मोटारसायकलवर मागे बसवून बागेत घेऊन गेला. घरचे, शेजारचे, सालदार असे सगळे यंत्राभोवती जमले होते. मी पडद्यावरचं वाचलं, दोन बटणं दाबली, भाषा बदलून इंग्रजी केली. पाणी सुरू झालं. केवळ हिब्रू घालवण्यासाठी मला हिब्रू वापरावी लागली, असा तो माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग. त्यांनी मला पोतंभर संत्री देऊ केली. मोटारसायकलवर मी आणि पोतं दोन्ही मावत नव्हतो म्हणून मी संत्री सोडली.

एक महाराज येत. ताईत करून विकत. "तुमची ती अक्षरं द्या," म्हणाले, "लोकाईले वाचता येत नाई ना, तेच पाह्यजेन." मी नाही म्हटल्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "राहू द्या मंग, मी मोडीत लिहितो." एका मुलाने दंडावर हिब्रूत काहीतरी गोंदवून घेतलं आणि मग त्याचा अर्थ विचारायला आला. अक्षरं सगळी होती, अर्थ नव्हता. त्याच्या आईसमोर मी ते बोलले नाही.

ही भाषा बोलतात त्या देशात युद्ध पेटलं तेव्हापासून मात्र एक निराळाच प्रश्न येऊ लागला: "मॅडम, तुम्ही कोनाकडून?" मी ज्या भाषेतली वर्तमानपत्रं रोज वाचते, तिच्यात रडणाऱ्या आया मी वाचल्या आहेत आणि कुंपणापलीकडच्या आयांबद्दल लिहिणारेही वाचले आहेत. भाषा शिकवणाऱ्याने दोन्ही वाचायला शिकवायचं असतं. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, तरी मी तेच देत आले.

आता थोडं कामाबद्दल. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि मोठ्यांसाठी लिहिताना बहुतेक स्वर गाळतात. नवे विद्यार्थी याने घाबरतात. मी त्यांना विचारायची, मैत्रिणीला मोबाइलवर घाईत अर्धेमुर्धे शब्द टाकता ते तिला कळतात ना? मग हेही कळेल, आधी मैत्री होऊ द्या. आमच्याकडे दोन्ही हिब्रू शिकवत असू. आधुनिक म्हणजे भाजी आणायची, बसचं तिकीट काढायचं, भाडेकरूशी वाद घालायचा ती. अभिजात म्हणजे धर्मग्रंथांची, प्रार्थनांची आणि जुन्या कायद्यावरच्या चर्चांची. मधली कित्येक शतकं लोक ही भाषा वाचत, लिहीत, प्रार्थनेत म्हणत. पण घरात दूध उतू गेलं तर त्या भाषेत ओरडत नसत. मग काही हट्टी माणसांनी ती पुन्हा स्वयंपाकघरात आणली, मुलांशी तिच्यातच बोलायचं ठरवलं, लोकांनी वेड्यात काढलं तरी ठरवलेलं सोडलं नाही. मला या भाषेची ओढ लागली ती त्या हट्टामुळे.

आणि एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. जुन्या कायद्याचा पाठ एकट्याने, मनातल्या मनात वाचायचा नसतो. दोघांनी समोरासमोर बसायचं, मध्ये पुस्तक. एकाने मोठ्याने वाचून अर्थ सांगायचा, दुसऱ्याने तो मान्य करायचा नाही. का, कशावरून, असं असेल तर मग तसं का नाही, असं धरून बसायचं. पहिल्याने उत्तर द्यायचं. या जोडीला हव्रूता म्हणतात. परंपरेने शिकणारे लोक अजूनही असेच शिकतात. त्यांच्या अभ्यासाच्या दालनात गेलात तर बाजार भरल्यासारखा गलका असतो. तोंडी परीक्षाही आम्ही याच पद्धतीने घेत असू. बाहेरचे परीक्षक पाठ समोर ठेवत आणि आक्षेप घेत जात. पाठांतराचा तिथे उपयोग नसे.

वर्षा भोयर आमच्याकडे एम.ए.ला आली. आर्वी तालुक्यातलं रोहणा तिचं गाव, घरची भाजीपाल्याची शेती. हिब्रूच का, असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, "खरं सांगू मॅडम? बाकी सारे कोर्स फुल झाले होते. अन् हॉस्टेल मिळत होतं." मला खरं बोलणारी माणसं आवडतात. पहिलं सत्र संपेपर्यंत ती स्वरांशिवायची वर्तमानपत्रं वाचायला लागली. दुसऱ्या सत्रात तिने व्याकरणाचं जाडजूड पुस्तक संपवलं आणि उरलेलं मागायला आली. मी तिला सांगितलं, उरलेलं असं काही नाही, तेवढंच आहे. तिला वाईट वाटलं.

तिच्यात एकच उणीव होती, आणि आमच्या विद्येत तीच चालत नाही. ती कुणाला नाही म्हणत नसे. मी मुद्दाम चुकीचा अर्थ सांगितला तरी खाली मान घालून "हो मॅडम" म्हणायची. वहीत बरोबर लिहिलेलं असायचं, तोंडात मात्र होकार. तिच्याबरोबर हव्रूतेला सोनल नावाची मुलगी होती, चांगली तोंडाळ. पण तिची पोलीस भरतीत निवड झाली आणि ती प्रशिक्षणाला निघून गेली. वर्गात वर्षा एकटी उरली. मी समोर बसून पाहिलं. मी मॅडम, ती विद्यार्थिनी. माझ्या प्रत्येक आक्षेपाला तिने शरणागती पत्करली. परीक्षेची रंगीत तालीम घेतली तेव्हा तिसऱ्या आक्षेपाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "तुमचंच बरोबर असन मॅडम."

परीक्षा साधी नव्हती. दूरच्या एका मोठ्या विद्यापीठात संशोधनाची एक जागा होती आणि तिथे या तोंडी परीक्षेचा निकाल पाहणार होते. इकडे रोहण्याला तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं: परीक्षेपर्यंत शीक, मग पुलगावचं स्थळ पक्कं करायचं. मुलगा डेपोत नोकरीला, माणसं चांगली, थांबायला तयार होती, पण फार नाही. जागा मिळाली तर वर्षाला पुढे जायचं होतं. नाही मिळाली तर हिब्रू तिच्या पेटीत जाणार होती, आणि तिला ते माहीत होतं. तिने मला हे अगदी सरळ सांगितलं. "मले करायचंच आहे मॅडम," म्हणाली. नाही म्हणता न येणारी ती मुलगी एवढं एक वाक्य मात्र छातीठोक बोलायची.

परीक्षेआधी अभ्यासाची लांब सुट्टी होती. तेवढ्यापुरतं तिला हॉस्टेलमध्ये राहू द्या, असं सांगायला मी रोहण्याला गेले. आर्वीहून बस बदलून पोहोचले तेव्हा शालिकराव भोयर अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. उंच, कोरडा माणूस, मिशी पांढरी. मी पाटावर बसले आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की हा गृहस्थ कशालाच हो म्हणत नाही.

मी म्हटलं, ऊन फार आहे. ते म्हणाले, "हे काय ऊन होये? ऊन तं अजून यायचं आहे." मी म्हटलं, रस्ता चांगला झाला तुमच्याकडचा. ते म्हणाले, "दोन पान्यात वाहून जाते पाहा तुम्ही." मी चहात साखर कमी चालेल म्हटलं, तर बायकोला म्हणाले, "पुरी टाक, शिकवून शिकवून मानूस वायून काडी होते." मग मी मुद्द्यावर आले. वर्षाची बुद्धी, परीक्षा, जागा, सगळं सांगितलं.

"मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या," ते म्हणाले. "पन मले एक सांगा, हे भाषा इथं बोलते कोन? तुमी एक अन् हे पोट्टी एक. तुमी रिटायर झाल्या का मंग हे कोनासंगं बोलीन?"

मी उत्तर दिलं. त्यांनी ते खोडलं. मी दुसरं दिलं. त्यांनी त्यातून तिसरा प्रश्न काढला. जुड्या बांधायचे हात थांबत नव्हते. कडेला वर्षा दाराला टेकून उभी, मान खाली. आणि मला एकदम हसू आलं. वर्षाशी नेट धरून भांडेल अशा ज्या माणसाच्या शोधात मी गेला महिनाभर विद्यापीठ पालथं घालत होते, तो इथे मेथीच्या ढिगामागे बसला होता.

"शालिकराव," मी म्हटलं, "हॉस्टेलचं राहू द्या. तिला घरीच ठेवा. पण रोज दिवेलागणीला तिच्यासमोर बसायचं. ती एक ओळ वाचेल, अर्थ सांगेल. तुम्ही तो पटवून घ्यायचा नाही."

"मले थे अक्षर वयखू येत नाई."

"अक्षराचं ती पाहील. तुम्हाला फक्त भांडायचं आहे."

आतून वर्षाची आई म्हणाली, "घ्या बाई, यायले मनासारखं काम भेटलं."

एवढं धाडस मी परंपरेला सोडूनच केलं होतं. भाषा न येणाऱ्या माणसाशी हव्रूता कुणी करत नाही. माझ्या स्वतःच्या गुरूंनी हे ऐकलं असतं तर चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं असतं. पण मला दुसरा उपाय दिसत नव्हता, आणि जो दिसत होता तो करून पाहायचाच, असं परतीच्या बसमध्ये मी मनाशी पक्कं केलं.

पाठ मी निवडून दिला होता: पिकातला गरिबाचा वाटा. जुन्या कायद्याप्रमाणे धान्याच्या वावराची कड कापायची नाही, ती गरिबांसाठी सोडायची. आपल्याकडे सोयाबीन काढल्यावर बाया वावरात पडलेला सरवा वेचायला येतात, ते काही वेगळं नाही. फरक एवढाच की तिथे ते लिहून ठेवलं आणि मग त्यावर पिढ्यान्पिढ्या वाद घातला. कोणत्या पिकाला कड सोडायची? जे खाण्याचं आहे, जमिनीतून येतं, कोणी राखतं, एकदमच काढतात आणि साठवून ठेवतात, त्याला. म्हणजे कापसाला नाही, तो खात नाहीत. आणि भाजीला नाही, ती साठवत नाहीत.

वर्षा मला फोनवर रोजचा वृत्तान्त देई. पहिल्या दिवशी भाजीला कायदा लागू नाही हे ऐकून शालिकराव खूश झाले. "लिहिनारा हुशार होता," म्हणाले. दुसऱ्या दिवशी वावरातून आले ते आक्षेप घेऊनच. "भाजी साठवत नाई म्हनून गरिबाले नाई? मंग भूक काय साठवून ठेवता येते का?" वर्षाने सांगितलं, तसं लिहिलं आहे बाबा. "काऊन लिहिलं, थे सांग."

ती दोन दिवस विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने उत्तर बांधलं. धान्य एका दिवशी निघतं. कधी निघणार हे गावाला ठाऊक असतं, गरीब बाई त्या दिवशी येते, वेचते, जाते. भाजी रोज थोडी थोडी निघते. कायदा लागू केला तर त्या बाईला मूठभर भेंडीसाठी रोज बांधावर उभं राहावं लागेल. तिची मजुरी बुडेल. म्हणजे कायदा तिचा वेळ वाचवतो. शालिकरावांनी मान हलवली. "शेठजीसारखं बोलून राह्यली तू." आणि इथे वर्षाच्या तोंडून निघून गेलं: "नाई बाबा. तुमचं चुकते."

त्या घरात बापाला हे वाक्य आजवर कुणी म्हटलं नव्हतं. शालिकराव उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुस्तकासमोर बसले नाहीत. जेवताना बायकोला म्हणाले, "दोन अक्षरं शिकली अन् बापाले चूक म्हन्ते. पुलगाववाल्याईले फोन कर, परीक्षा-बिरीक्षा राहू दे." तिसऱ्या दिवशीही बोलले नाहीत. वर्षाने विचारलं, "माफी मागू का मॅडम?"

माफी मागितली असती तर घर शांत झालं असतं आणि परीक्षा गेली असती. नाही मागितली तर परीक्षेला पाठवणारच कोण, असा प्रश्न होता. आणि तिला समोर बसवणारी मीच होते. मी म्हटलं, "वडील म्हणून मागायची तर माग. पाठातल्या मुद्द्याची नको." हे बोलणं सोपं होतं, मी वर्ध्यात होते आणि ती रोहण्याला.

पुढे काय केलं ते तिने माझ्या सल्ल्याने केलं नाही. तिने स्वतः केलं. संध्याकाळी शालिकराव अंगणात मेथी बांधत होते. ती समोर पुस्तक घेऊन बसली. ते बघेनात. तिने ओळ मोठ्याने वाचली, अर्थ सांगितला, आणि मग त्यांचा आक्षेप स्वतःच मांडू लागली. "आता इथं बाबा म्हन्तीन का भाजीवालाही वाटा देऊ शकते, त्याले काय पडते..." हव्रूतेत हे करावं लागतं, समोरच्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडता आला पाहिजे. पण वर्षाने तो वाईट मांडला. मुद्दाम की नाही, ते तिने मला कधी सांगितलं नाही. शालिकरावांनी थोडा वेळ सहन केलं. मग जुडी खाली टाकली.

"मी असं म्हनलोच नोतो! काई बी सांगून राह्यली. वांग्याचं वावर आपन मोडतो, तवा काय होते? त्या दिवशी सारं एकदाच निंगते ना? झाडं उपटाच्या पहिले बाया येतात, उरलंसुरलं तोडून नेतात. तू लहानपनापासून पाह्यते. मंग त्या दिवसापुरती थे भाजी राह्यली का धान्य झालं, थे सांग पहिले!"

"तरी थे साठवत नाई बाबा."

"वांगे चिरून खुला सुकवते ना तुही माय! थे काय होये?"

आणि गाडी पुन्हा सुरू झाली. वर्षाची आई म्हणे, त्या दिवशी भाकरी तिने तीनदा गरम केली. मी हे ऐकून एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने हसले आणि मग माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पुलगावला फोन त्या घरातून गेला नाही.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे या विषयातले जुने, कडक गृहस्थ. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत. मला खोलीत बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. वर्षाने पाठ वाचला, स्वच्छ वाचला. पहिला आक्षेप आला. तिने उत्तर दिलं. दुसरा आला. तिने उत्तर दिलं, पण आवाज खाली गेला. तिसऱ्याला परीक्षकांनी तिच्या उत्तरातला एक धागा पकडून सगळंच उसवलं आणि शांतपणे म्हणाले, "तर मग आपलं म्हणणं चुकीचं ठरतं, नाही का?"

वर्षाने मान खाली घातली. मी तो होकार ऐकायची तयारी केली. तिने पाठातल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग मान वर केली आणि हिब्रूत म्हणाली, "नाही, सर. ठरत नाही."

त्यानंतर ती थांबली नाही. परीक्षकांनी भाजीचा मुद्दा काढला, तिने गरिबाच्या वेळेचा मुद्दा मांडला. त्यांनी तो खोडला, तिने वावर मोडायच्या दिवसाचा दाखला दिला. मग तोच दाखला तिने स्वतःच उलटवून दाखवला, तो कुठे टिकतो आणि कुठे कोसळतो ते सांगितलं. परीक्षक पुढे झुकले. त्यांना मजा येत होती; त्यांच्या बाजूनेही एकाहून एक अवघड मुद्दे येत होते, आणि एका ठिकाणी त्यांनी तिला चांगलंच अडवलं. तिने तिथे हार मानली, पण कशी? "हा मुद्दा आज तुमचा," म्हणाली, "उद्या मी याचं उत्तर आणीन." शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि हिंदीत विचारलं, "हव्रूता कुणाबरोबर केलीस?"

"वडिलांबरोबर."

"अच्छा! प्राध्यापक आहेत? कशाचे?"

"वांग्याचे, सर," वर्षा म्हणाली. "मेथी आणि सांबारही असतो." मग त्यांना सांगावं लागलं की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मी त्या परीक्षकांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

तिला जागा मिळाली. पुलगावच्या मंडळींना शालिकरावांनी स्वतः जाऊन सांगितलं की पोरीचं शिक्षण बाकी आहे, तुम्ही खोळंबू नका. परत येताना, वर्षाची आई सांगते, त्यांनी बसमध्ये शेजारच्या माणसाशी पूर्ण रस्ता वाद घातला.

वर्षा ही माझी शेवटची विद्यार्थिनी. पुढच्या वर्षी हिब्रूला कुणी प्रवेश घेतला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, आणि मी निवृत्त झाले तेव्हा अभ्यासक्रम माझ्याबरोबरच थांबला. कुणाचा दोष म्हणावा? कुणी मुद्दाम केलं नाही. खोलीत आता दुसऱ्या विभागाच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. मला याचं दुःख आहे, ते मी लपवत नाही. एवढी वर्षं एका भाषेसाठी खटपट केली आणि मागे इथे कुणी ठेवता आलं नाही, हा विचार दुपारच्या वेळी येतो. आणखी चार दारं ठोठावली असती, गावोगावच्या कॉलेजांत जाऊन मुलं गोळा केली असती तर, असंही मनात येतं. पुस्तकं मी घरी आणली. रोज एखादं पान काढायचं ठरवलं, पण एकटीने मनातल्या मनात वाचवत नाही. सवयच नाही तशी.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. वर्ध्याचा बाजार आटोपून सकाळी दहा-अकराच्या सुमारास शालिकराव माझ्या दारात उभे. रिकामी क्रेट बाहेर ठेवली, पाय धुतले, आत आले. पाणी प्यायले. वर्षाचं सगळं ठीक आहे म्हणाले, थंडी फार आहे म्हणते तिकडे, पण तिला काय थंडी माहीत. मी चहा ठेवला. ते जरा वेळ कपाटातल्या पुस्तकांकडे पाहत बसले.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरगी तं गेली. पन आमचं अर्धं राह्यलं ना."

मला कळेना. म्हणाले, कड संपली होती, पुढे विसरलेल्या पेंढीचं लागलं होतं. मालक पेंढी वावरात विसरला तर परत फिरून आणायची नाही, ती गरिबाची. इथवर झालं होतं आणि तिची गाडी निघाली.

"फोनवर वाचते ना ती तुमच्यासाठी?"

"वाचते. पन फोनवर भांडाले मजा येत नाई. अन् तिले आता तिथं नवी जोडीदारीन भेटली, आंध्रातली कोनी. घाईत असते." त्यांनी पुस्तकांकडे बोट केलं. "मी म्हनलं, तुमी बी घरी रिकाम्याच असान."

रिकामी! पण खोटं काय होतं त्यात? मी उठले, कपाटातून पुस्तक काढलं, टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं. खूप दिवसांनी मोठ्याने वाचत होते; पहिल्या ओळीला आवाज फुटेना, दुसरीला फुटला. मालक विसरला, पण मजुराच्या ध्यानात आहे. किंवा मजूर विसरला आणि मालकाच्या ध्यानात आहे. कायदा म्हणतो, दोघांपैकी एकाच्याही ध्यानात असली तर ती विसरलेली धरत नाहीत, ती मालकाचीच. मी अर्थ सांगितला, जुने दाखले सांगितले, मला वाटलं, चांगला सांगितला. शालिकराव ऐकत होते, डोळे मिटून. मग त्यांनी डोळे उघडले आणि हळूहळू मान हलवली.

"नाई मॅडम," ते म्हणाले. "हे काई मले पटलं नाई."

इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. चहा उतू जात होता तो जाऊ दिला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "काऊन नाई?"